भस्म्याचा रंग नेमका कोणता? एका पर्शियन पिल्लाचं अख्खं प्रकरण

सांगलीहून एका ताईंचा फोन आला तेव्हा पिल्लू सहा आठवड्यांचं होतं, अजून ब्रीडरकडेच होतं आणि बुकिंगचे पैसे भरून झाले होते. पर्शियन, बोका, आई काळी, बाप क्रीम, दोघांचे पेपर्स आहेत, आणि ब्रीडर म्हणतोय की हे सिल्व्हर टॅबी, म्हणजे रुपेरी अंगावर गडद पट्टे असलेलं आहे, आमच्या लाइनमध्ये सिल्व्हर येत नाही, म्हणून आठ हजार जास्त द्या. ताईंचा प्रश्न साधा होता. "मॅडम, हे खरंच सिल्व्हर आहे का हो? आमच्या सासूबाई तर म्हणतायत, अगं हे भस्म फासल्यागत दिसतंय की." झालं, त्या दिवसापासून त्याचं नाव भस्म्या. पेडिग्रीवर काहीतरी लांबलचक इंग्रजी नाव आहे पण ते घरात कुणाला पाठ नाही.

मी काही जेनेटिक्स शिकलेली बाई नाही. पंधरा वर्षं पर्शियन पाळतेय, शोमध्ये पिंजऱ्यातून मांजर काढून जजच्या टेबलावर नेऊन ठेवायचं काम बरीच वर्षं केलंय, आणि त्या टेबलाशी उभं राहून कान उघडे ठेवले की बरंच काही कळतं. त्यामुळे लोक रंग विचारायला फोटो पाठवतात. बहुतेक फोटो रात्री ट्यूबलाइटखाली, लाल चादरीवर, फ्लॅश मारून काढलेले असतात आणि प्रश्न असतो "हा ग्रे आहे की ब्लू". आपल्याकडच्या बाजाराची भाषाही अशीच, पंच फेस, ट्रिपल कोट, स्मोकी ग्रे, कशाला काय म्हणतील नेम नाही. त्यापेक्षा आपल्या आज्यांचे शब्द बरे होते, कबरी म्हणजे कबरी, बांडं म्हणजे बांडं, पट्टे असले की वाघ्या. निदान जे दिसतंय तेच सांगायचे.

हे प्रकरण पूर्ण लिहून काढतेय कारण ह्यात मी आधी ठामपणे एक उत्तर दिलं आणि ते अर्धंच बरोबर निघालं, आणि कुठे चुकलं ते मला नंतर अगदी बोट ठेवून दाखवता आलं.

सहाव्या आठवड्यात काय दिसत होतं

पहिले फोटो मी परतच पाठवले. ब्रीडरला सांगा म्हटलं, सकाळी दहाच्या सुमाराला गॅलरीत सावलीत घ्या, ऊन नको, फ्लॅश नको, पिल्लाशेजारी एक कोरा पांढरा कागद ठेवा म्हणजे मोबाइलने रंग किती बिघडवलाय ते कळतं, आणि मला तोंड नंतर बघायचंय, आधी पंजे उलटे करून गाद्या दाखवा, नाक जवळून दाखवा, कानाची मागची बाजू दाखवा, आणि पाठीवरचे केस फुंकर मारून किंवा दोन बोटांनी फाकवून मुळापर्यंतचा व्हिडिओ काढा. काळं मांजर मोबाइलमध्ये हमखास राखाडी किंवा चॉकलेटी दिसतं, कॅमेरा काळोख बघून उजेड वाढवतो म्हणून, त्यामुळे लांबून काढलेल्या फोटोवर मी रंग सांगतच नाही.

ब्रीडर माणूस तसा व्यवस्थित, कुरकुरत का होईना पण सगळं पाठवलं. त्यात असं दिसलं की पाठ आणि डोकं राखाडी, पण एकसारखं राखाडी नाही तर वरून पिठी भुरभुरल्यासारखं, केसांची टोकं पांढुरकी. डोळ्यांभोवती चष्मा घातल्यासारखी फिकट कडी. बरगड्यांवर अंधूक गडद वेटोळी, म्हणजे क्लासिक टॅबीला असतात तशी. पायाच्या गाद्या काळ्या. नाक अख्खं काळं.

ह्यातल्या शेवटच्या दोन गोष्टींनीच अर्धं काम झालं. ब्लू म्हणजे काळ्याचाच पातळ झालेला रंग, पिगमेंट तेच, फक्त केसात गुठळ्या-गुठळ्यांनी बसतं म्हणून डोळ्याला राखाडी दिसतं, आणि ब्लू मांजराच्या गाद्या नि नाक पाटीच्या दगडासारखे निळसर करडे असतात, काळे नसतात. म्हणजे हे ब्लू नाही, अंगावर कितीही राख दिसू दे. आणि सिल्व्हर टॅबी म्हणावं तर टॅबीचं नाक विटकरी-गुलाबी असतं नि त्याला काजळ घातल्यासारखी काळी कड असते, हनुवटी फिकट असते, कानाच्या मागे अंगठा टेकवल्यासारखा उजळ ठिपका असतो. इथे तसलं काहीच नव्हतं.

मग ती वेटोळी कसली? तर घोस्ट टॅबी. प्रत्येक मांजराच्या अंगात कुठला ना कुठला पट्ट्यांचा नमुना लिहिलेला असतोच, एकरंगी मांजर म्हणजे त्या नमुन्यावर काळा पडदा टाकलेला असतो इतकंच. पडदा टाकायचं काम अगूटी नावाच्या जनुकाच्या बिघडलेल्या प्रतीचं, तिथे डीएनएची दोन अक्षरं गळालेली असतात, आणि अशा दोन प्रती, एक आईची एक बापाची, मिळाल्या की मांजर एकरंगी. पिल्लूपणी हा पडदा जरा झिरझिरीत असतो, आतलं दिसतं, वय वाढलं की दिसेनासं होतं. ह्या घोस्टवर फसून कितीतरी काळी पिल्लं टॅबी म्हणून विकली जातात.

आता राख. मी विचारलं की बाकीची पिल्लं कशी आहेत. एकूण चार होती, दोन माद्या टॉर्टी म्हणजे काळ्या-लालाच्या मिसळीच्या, आणि ह्याचा एक भाऊ काळा, आणि चौघांच्याही अंगावर कमी-जास्त राख होतीच, ह्याच्या सगळ्यात जास्त. तेव्हा पुढचा प्रश्न विचारला, पोटुशी असताना आई आजारी होती का? ब्रीडर आधी नाहीच म्हणाला, मग म्हणाला की हो, व्यायच्या बारा-तेरा दिवस आधी ताप होता, चार दिवस खाल्लं नव्हतं, इंजेक्शनं दिली.

हाच तो फीवर कोट. मांजरीचे दिवस साधारण ६३ ते ६५, आणि पोटातल्या पिल्लाच्या केसात रंग भरायच्या काळातच आईला ताप आला, फार ताण झाला किंवा काही औषधं गेली तर रंग नीट भरत नाही, पिल्लं रुपेरी, राखाडी किंवा दुधट टोकांची जन्माला येतात. आजार वगैरे काही नाही, पिल्लाला त्याचा त्रास नसतो. पुढचा केस बरोबर रंगातच उगवतो आणि चार महिन्यांपासून वर्षभरापर्यंत कधीतरी ते जावळ झडून खरा रंग दिसतो. म्हणून केस बघताना नेहमी लक्षात ठेवायचं की टोक म्हणजे आईच्या पोटातलं आणि मूळ म्हणजे आजचं. फीवर कोटमध्ये टोक फिकट आणि मूळ गडद. सिल्व्हर किंवा स्मोकमध्ये (स्मोक म्हणजे एकरंगी मांजरातलं सिल्व्हर) बरोब्बर उलटं, टोक गडद आणि मूळ पांढरं.

व्हिडिओत केस फाकवले तर मूळ काळं होतं. संपलं. मी ताईंना सांगितलं की हे साधं काळं पिल्लू आहे, वरची राख तापाची आहे, सहा-आठ महिन्यांत कोळशासारखं होईल, आठ हजार अजिबात देऊ नका. ब्रीडर चिडला, पण रंग स्थिर होईपर्यंत जादा पैशाचं बोलायचं नाही आणि रजिस्ट्रेशनच्या फॉर्मवर तूर्त काळाच लिहायचा यावर तयार झाला. बारा आठवडे पूर्ण झाल्यावर भस्म्या सांगलीला आला. मी दुसऱ्या कामांना लागले.

मग मुळाशी पांढरं आलं

चौदाव्या आठवड्यात सकाळी सहा वाजता फोन. "मॅडम, त्याच्या केसांच्या मुळाशी पांढरं यायला लागलंय, कोड आलं का हो त्याला?"

कोड नव्हतं. पण माझ्या उत्तराप्रमाणे ते पांढरं तिथे असायलाच नको होतं. तोवर ताईंच्या ओळखीत कुणीतरी, ज्यांच्याकडे दोन पर्शियन आहेत, त्यांनी निकाल देऊन टाकला होता की एकरंगी आईबापांना सिल्व्हर पिल्लू होतच नाही, म्हणजे बाप दुसराच आहे, ब्रीडरने फसवलंय, पोलिसात जा. आता हा संशय अगदीच वेडगळ नाही बरं का. मांजरीच्या एकाच वेळच्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात, ती माजावर असताना दोन बोक्यांशी लागली तर दोघांचीही पिल्लं एकाच पोटात वाढतात.

मला तसंही महिनाअखेर कोल्हापूरला जायचं होतं, वाटेत सांगलीला उतरले. ताईंच्या शेजारी सराफ राहतात, त्यांच्याकडून दागिन्यांचं भिंग आणलं, भस्म्याच्या पाठीवरचे, बरगडीवरचे आणि मानेवरचे पाच-सहा केस अगदी कातडीलगत कापले आणि अर्धे काळ्या कागदावर, अर्धे पांढऱ्यावर चिकटवले. ही युक्ती कुणालाही जमेल, फिकट टोक काळ्या कागदावर दिसतं आणि गडद भाग पांढऱ्यावर, एकाच कागदावर ठेवलं की एक टोक नजरेतून सुटतंच.

प्रत्येक केसात तीन भाग होते. टोकाचे चार-पाच मिलिमीटर फिकट, मधला मोठा भाग काळा, आणि मुळाचा जवळपास सेंटिमीटरभर स्वच्छ पांढरा.

सासूबाई शेजारी बसून बघत होत्या, म्हणाल्या, "ह्येला तीन रंग हायत की, मग तिरंगी म्हणायचं काय?" मला हसू आलं, पण त्या क्षणी माझीही अवस्था फार वेगळी नव्हती, कारण एकाच केसावर फिकट-गडद-फिकट असे पट्टे म्हणजे पुस्तकातली अगूटीची व्याख्या झाली, आणि अगूटी म्हणजे टॅबी, आणि टॅबी अधिक पांढरं मूळ म्हणजे सिल्व्हर टॅबी, म्हणजे ब्रीडर बरोबर आणि मी तोंडघशी. दोन कप चहा झाला तरी मी ते केस बघत बसले होते.

सुटका केली ती टोकाने. टॅबीच्या पट्टेदार केसाचं टोक नेहमी गडद असतं. केस उगवायला लागतो तेव्हा आधी काळं पिगमेंट, मग अगूटीचा हुकूम येतो तेव्हा फिकट पट्टा, मग परत काळा, असा तो क्रम. फिकट टोकाचा टॅबी केस मी आजवर बघितलेला नाही. म्हणजे भस्म्याचं फिकट टोक अगूटीचं नाहीच, ते तापाचं. आणि पांढरं मूळ तापाचं असणं शक्य नाही, कारण ते आईच्या पोटातून बाहेर आल्यावर कितीतरी आठवड्यांनी उगवलंय. दोन वेगळी कारणं, दोन वेगळे काळ, एकाच केसावर. काळा स्मोक, आणि त्यावर फीवर कोट.

आणि मग मला सहाव्या आठवड्यातला तो चष्मा आठवला. स्मोक पिल्लं जन्मतः जवळजवळ एकरंगी काळीच दिसतात, पांढरा अंडरकोट नंतर हळूहळू वर येतो, पण डोळ्यांभोवतीची फिकट कडी ही त्यांची जुनी ओळखीची खूण आहे, शोमधल्या जुन्या बायका त्यावरूनच सांगतात. मी ती कडी बघितली होती, लिहूनही ठेवली होती, आणि राख सगळ्या अंगावर आहे तर ही पण राखच असं म्हणून तापाच्या खात्यात टाकून दिली होती. भावाच्या तोंडाला तसा चष्मा नव्हता, फोटो माझ्याकडेच होते, ताडून बघायचं सुचलं नाही. एक कारण सापडलं की माणूस दुसरं शोधत नाही ते असं. आणि सहाव्या आठवड्यात मूळ काळं दिसलं त्याचा अर्थ मी "स्मोक नाही" असा घेतला, तो "स्मोक अजून दिसत नाही" असा घ्यायला हवा होता.

पण सिल्व्हर आलं कुठून?

आता खरा तिढा. सिल्व्हर, म्हणजे केसाच्या मुळाकडचं पिगमेंट रोखणारं जे इन्हिबिटर जनुक, ते डॉमिनंट आहे. एक प्रत असली तरी दिसतं. म्हणजे ब्लू किंवा चॉकलेट जसं चार पिढ्या लपून अचानक वर येतं तसं सिल्व्हर येत नाही, ते पिढी गाळत नाही. पिल्लू सिल्व्हर असेल तर आईबापांपैकी एक सिल्व्हर असलंच पाहिजे, आणि कागदावर तर एक काळी, एक क्रीम. ताईंच्या त्या ओळखीच्यांचा नियम बरोबरच होता. मी एवढंच म्हणत होते की कागदावर क्रीम लिहिलंय म्हणजे कुणीतरी एका सकाळी त्या बोक्याकडे बघून क्रीम लिहिलं. त्यापलीकडे तो पुरावा नाही.

आईचं काळं मी फार तपासलं नाही, काळ्या केसाखाली पांढरं मूळ असेल तर आंधळ्यालाही दिसतं. बापाची गोष्ट वेगळी. लाल आणि क्रीम मांजरांचा रंग बाकीच्यांसारखा चालत नाही, ऑरेंज जनुक एक्स क्रोमोसोमवर असतं आणि ते काळं पिगमेंट बाजूला सारून सगळीकडे लालच भरतं (त्याचं नेमकं ठिकाण शंभर वर्षं कुणाला सापडत नव्हतं, २०२५ मध्ये जपानच्या क्युशू आणि अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या गटांनी वेगवेगळं छापलं की एआरएचजीएपी३६ ह्या जनुकाजवळचा पाचेक हजार अक्षरांचा तुकडा गळालेला असतो). ह्याचा आपल्या कामाचा परिणाम असा की अगूटी असो नसो, लाल मांजराच्या अंगावर पट्टे थोडेफार दिसतातच, म्हणून बाहेरून बघून त्याच्या पोटात अगूटी आहे का नॉन-अगूटी, म्हणजे दोन्ही बिघडलेल्या प्रती, हे सांगता येत नाही. आणि क्रीम तर मुळातच फिकट, त्याच्या केसाचं मूळ नेहमीच टोकापेक्षा पांढुरकं असतं, तिथे सिल्व्हरची एक प्रत बसली तर ती नजरेत कशी भरणार? पांढऱ्या शर्टवर चुन्याचा डाग.

म्हणजे ह्या बापाने अंगावर दोन गोष्टी झाकून ठेवल्या असू शकतात, अगूटी आणि सिल्व्हर, आणि आपल्याला नेमक्या ह्याच दोन गोष्टींचा पत्ता हवा होता.

ब्रीडरला फोन केला. आधी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हता, त्याला वाटलं मी पण बाप वेगळा म्हणायलाच फोन केलाय. म्हटलं, नाही, बाप तोच आहे असं मी धरून चालतेय, फक्त त्याचे केस फाकवून दाखवा, मानेच्या आयाळीचे आणि मांडीचे, आणि पेडिग्रीचा पूर्ण फोटो पाठवा, नुसतं वरचं पान नको. पेडिग्रीत बापाची आई होती रेड शेडेड कॅमिओ. कॅमिओ म्हणजे लाल टोकं आणि खाली चांदी, म्हणजे सिल्व्हरच. बापाच्या आयाळीत मुळाचा निम्मा केस कागदासारखा पांढरा होता, नुसत्या क्रीममध्ये जो दुधाळ पिवळसरपणा राहतो तो नव्हता. ब्रीडरने हा बोका परराज्यातून मोठा झाल्यावर आणला होता, पेपर्सवर क्रीम होतं, त्याने तेच पुढे चालवलं. खोटेपणा काही नाही. त्याला म्हटलं, तुमच्या लाइनमध्ये सिल्व्हर येत नाही म्हणता, ते तुमच्याकडे दोन वर्षं सोफ्यावर झोपतंय.

तरी ताईंच्या मनातला बापाचा किडा जाईना, आणि मला पण भस्म्याच्या अगूटीचा निकाल कागदावर हवा होता, म्हणून डीएनए करायचं ठरलं. गालाच्या आतून स्वॅब घ्यायचा, पिल्लाने तासभर दूध प्यायलेलं नसावं, बास. ब्रीडरने आई आणि बाप दोघांचे स्वॅब स्वतःहून दिले, आणि खरं सांगायचं तर तिथेच निम्मा संशय विरला.

रिपोर्ट यायच्या आधी मी ताईंना कागदावर लिहून दिलं होतं की काय आलं तर काय समजायचं, कारण रिपोर्ट आल्यावर अर्थ लावायला बसलं की आपण आपल्याला हवा तोच लावतो. टॉर्टी बहिणींवरून त्यांचा बाप लाल घरातला हे पक्कं होतं, आई काळी, तिच्याकडे ऑरेंज नाही, म्हणजे मुलींना ते बापाच्या एक्सवरून आलं. पण भस्म्या मुलगा, त्याला बापाकडून वाय आला, एक्स आलाच नाही, त्यामुळे त्याच्या काळ्या रंगावरून त्याच्या बापाबद्दल काहीही सिद्ध होत नाही. हे बऱ्याच लोकांना पटत नाही, "क्रीम बापाला काळा मुलगा कसा" म्हणून भांडतात, अहो मुलगा आईच्याच रंगावर जाणार, ऑरेंजच्या बाबतीत बापाचं त्याच्याकडे काही येतच नाही. मात्र डायल्यूट जनुक सगळ्यांना दोघांकडून येतं. क्रीम म्हणजे पातळ केलेला लाल, बापाकडे दोन्ही प्रती पातळ करणाऱ्या, तेव्हा भस्म्याला त्यातली एक आलीच पाहिजे. रिपोर्टमध्ये डायल्यूटची एकही प्रत नाही असं आलं तर हा बाप बाद, दुसरी कुठलीही टेस्ट करायची गरज नाही. एक प्रत आली तर मात्र बाप सिद्ध होत नाही, फक्त बाद होत नाही, कारण ती आईकडूनही आलेली असू शकते.

तीनेक आठवड्यांनी निकाल आला. डायल्यूटची एक प्रत. अगूटी नाही, दोन्ही प्रती नॉन-अगूटी, म्हणजे टॅबी हा विषय बंद आणि ती वेटोळी घोस्टच. आईबापांशी जुळणी करून बघणाऱ्या टेस्टमध्ये तो बाप बसला. सिल्व्हरची तपासणी त्या पॅनेलमध्ये, म्हणजे लॅबच्या तपासण्यांच्या संचात, नव्हतीच, ते केसावरूनच ठरवायचं होतं आणि ते केस भिंगाखाली मी बघितलेच होते.

जाता जाता एक, ह्याच पॅनेलमध्ये पीकेडी होतं, म्हणजे किडनीत पाण्याच्या गाठी होण्याचा पर्शियनांचा आनुवंशिक रोग. तो डॉमिनंट आहे, एक प्रतही पुरते, आणि २००४ मध्ये त्याचं म्युटेशन सापडलं तेव्हापासून गालाच्या स्वॅबवर कळतं. भस्म्याचा निकाल नॉर्मल आला. ताईंनी ती ओळ वाचलीच नव्हती, मी दाखवली. लोक आठ हजारांसाठी रंगावर दोन महिने भांडतात आणि ही टेस्ट आईबापांची केलीय का हे बुकिंगच्या वेळी कुणी विचारत नाही, मला ह्याचा राग येतो, असो.

कागदोपत्री काय झालं

रंगाचे कोड बाहेरून भयंकर वाटतात पण सोपे आहेत. पर्शियनला एन म्हणजे काळा, ए म्हणजे ब्लू, डी लाल, ई क्रीम, एस लागला की सिल्व्हर, आणि पुढे नमुन्याचा आकडा, २२ म्हणजे क्लासिक टॅबी, ११ म्हणजे शेडेड, ज्यात रंग फक्त केसाच्या टोकाकडे असतो. ब्रीडरला लिहायचं होतं एनएस २२. मी लिहायला लावलं होतं नुसतं एन. खरं निघालं एनएस, आकडा नाही, कारण स्मोकला आकडा नसतो. म्हणजे ब्रीडरचा आकडा चुकला होता आणि माझा एस. शोमध्ये हा फरक फार महागात पडतो, सीएफएसारख्या मांजरांची नोंदणी करून शो भरवणाऱ्या संस्थेत पर्शियनांचे टॅबी एका विभागात, काळे सॉलिडमध्ये आणि स्मोक शेडेडबरोबर तिसऱ्याच विभागात जातात, चुकीच्या रंगावर नाव दिलं तर मांजर कितीही सुंदर असलं तरी जज परत पाठवतो. आणि पुढे त्याच्यापासून पिल्लं घ्यायची झाली तर अजूनच, कारण भस्म्याकडे सिल्व्हरची एकच प्रत आहे, आई सिल्व्हर नसल्यामुळे दोन असूच शकत नाहीत, म्हणजे त्याच्या पिल्लांपैकी सरासरी निम्म्यांत सिल्व्हर उतरणार, हे मांजरी घेऊन येणाऱ्याला आधी सांगितलेलं बरं.

फॉर्म बदलला. बापाचाही रंग क्रीमवरून क्रीम सिल्व्हर करून घ्यायला ब्रीडरने अर्ज केला, पेडिग्रीत आजी कॅमिओ असल्यामुळे फार वाद झाला नाही.

आठ हजारांचं काय? ब्रीडरचा फोन आला, "मॅडम, शेवटी सिल्व्हर तर निघालंच ना?" निघालं होतं, मी नाही म्हणू शकत नव्हते. ताई म्हणाल्या, पण त्यांनी टॅबी म्हणून मागितले होते. शेवटी चार हजारांवर मिटलं आणि डीएनएचा खर्च त्याने अर्धा उचलला, मला त्यात कुणी विचारलं नाही आणि तेच बरं झालं.

भस्म्या आता दहा महिन्यांचा आहे. मार्चमध्ये उन्हाळा लागला तसं जावळ पुंजके पुंजके गळलं, सासूबाईंनी त्याची उशी भरता येईल म्हणून पिशवीत साठवलंय. तापाची फिकट टोकं गेली, डोळे तांबूस झाले, बरगडीवरची वेटोळी उन्हात धरलं तरच जेमतेम दिसतात. बसलेला असला की नुसता काळा बोका, आणि उठून चालायला लागला की काळ्यातून पांढरं फुटत जातं, स्मोक म्हणतात ते त्यालाच. मानेभोवतीची आयाळ मात्र अख्खी रुपेरी. सासूबाईंचं म्हणणं नाव बदलायची गरज नाही.

राहिलं ते बाकीच्या तिघांचं. बाप सिल्व्हर म्हटल्यावर त्यांच्यापैकीही कुणाकडे ते गेलं असणार, म्हणून मी तिन्ही घरी निरोप दिला होता की मुळापर्यंत केस फाकवून दिवसा फोटो पाठवा. एक टॉर्टी बहीण टॉर्टी स्मोक निघाली, स्वच्छ, शंकाच नाही, तिचा फॉर्म बदलायला दिलाय. दुसरी साधी टॉर्टी. काळ्या भावाचा फोटो काल आला. रात्री, ट्यूबलाइटखाली, लाल चादरीवर, फ्लॅश मारून.